कंत्राटातली ‘हॅझॉप करून द्यावा’ ही ओळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोटे, रोहा, महाड, तारापूर, पाताळगंगा या पट्ट्यातल्या केमिकल कारखान्यांत हॅझॉपच्या बैठका चालवणं हे माझं काम. मला येणारे फोन आणि मेसेज तांत्रिक कमी आणि कंत्राटाचे जास्त असतात. वर्क ऑर्डरमध्ये सुरक्षा अभ्यासाचं कलम असतं, पण मालक त्याचा एक अर्थ लावतो, कंत्राटदार दुसरा, आणि प्लँट सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात भांडण उभं राहतं. जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. उत्तर दुसऱ्या प्रश्नात आलं असेल तिथे फक्त क्रमांक दिला आहे. रक्कम मोठी असेल तर सही करण्याआधी मसुदा वकिलालाही दाखवा.

1. हॅझॉप म्हणजे नेमकं काय? इंजिनिअर लोक सुरक्षेचा विचार करतातच, मग कंत्राटात वेगळं कशाला लिहायचं?

प्लँटचा पाइपिंगचा आराखडा, म्हणजे पी अँड आयडी, टेबलावर पसरतात. त्याचे छोटे तुकडे करतात, त्यांना नोड म्हणतात. मग प्रत्येक नोडला ठरलेले प्रश्न विचारतात. इथे प्रवाह आलाच नाही तर? जास्त आला तर? कमी आला तर? उलटा वाहिला तर? सोबत दुसरंच काही आलं तर? प्रत्येक प्रश्नाला कारण काय, परिणाम काय, आज संरक्षण काय आहे आणि ते पुरेसं आहे का, हे लिहून काढतात. पुरेसं नसेल तर शिफारस होते. ही पद्धत ब्रिटनमधल्या आयसीआय कंपनीत 1960 च्या दशकात तयार झाली. आज तिचं आंतरराष्ट्रीय मानक आयईसी 61882 हे आहे.

कंत्राटात लिहावं लागतं, कारण या कामाला माणसं आणि दिवस लागतात. प्रोसेस, इन्स्ट्रुमेंट, मेकॅनिकल, प्रॉडक्शन आणि सेफ्टी या विभागांची माणसं एका खोलीत बसतात, आणि माझ्या अनुभवात गुंतागुंतीच्या प्लँटला दिवसाला चार-पाच नोडच होतात. एवढे दिवस कोणाच्याही स्कोपमध्ये नसतील तर ते कोणीच देत नाही. चांगले इंजिनिअरसुद्धा आपल्या डिझाइनकडे ते चालेल याच नजरेनं पाहतात. ते कसं बिघडेल हे विचारायला वेगळी बैठक लागते.

2. आमच्या टेंडरमध्ये हिरा, हॅझॉप, क्यूआरए, लोपा, सेफ्टी ऑडिट अशी सगळीच नावं आहेत. हे एकच आहे का?

नाही. कोणीतरी जुन्या टेंडरमधून सगळी यादी उचलून चिकटवली आहे, असं बहुतेक वेळा दिसतं.

हिरा कामागणिक असतो: वेल्डिंग, उंचीवरचं काम, टाकीत उतरणं, प्रत्येक कामातला धोका आणि त्यावरचा उपाय. हॅझॉप प्रक्रियेचा असतो. क्यूआरए म्हणजे आकड्यांतला अंदाज: क्लोरीनची लाइन फुटली तर वायू किती अंतरापर्यंत जाईल, तिथे किती माणसं आहेत, असं होण्याची शक्यता किती. लोपा हॅझॉपनंतर येतो. त्यात एका धोक्यासमोर एकमेकांवर अवलंबून नसलेली किती संरक्षणं आहेत हे मोजतात, आणि त्यावरून ट्रिप सिस्टीमची (धोका दिसताच प्लँट आपोआप थांबवणाऱ्या यंत्रणेची) एसआयएल पातळी, म्हणजे ती किती भरवशाची हवी, हे ठरते. सेफ्टी ऑडिट चालू कारखान्याचं असतं. त्यासाठी आयएस 14489 हे भारतीय मानक आहे, तर धोका ओळखणं आणि विश्लेषण यासाठी आयएस 15656.

छोट्या सॉल्व्हंट रिकव्हरी युनिटला क्यूआरए मागून हॅझॉप विसरलेली टेंडरं मी पाहिली आहेत. पैसे खर्च झाले आणि हवं ते हाती आलं नाही. यादी लांब करण्यापेक्षा कोणत्या टप्प्यावर कोणता अभ्यास हवा आणि का, हे एका ओळीत लिहा.

3. हे कायद्यानं बंधनकारक आहे का, की फक्त मालकाची अट?

दोन्ही. भोपाळच्या 1984 च्या वायुकांडानंतर 1987 मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली आणि धोकादायक प्रक्रियांचं स्वतंत्र प्रकरण आलं. यंत्रसामग्री डिझाइन करणाऱ्यावर आणि पुरवणाऱ्यावरही तेव्हाच जबाबदारी टाकली गेली. मग 1989 चे घातक रसायनांचे नियम आले. ठरावीक साठ्याच्या वरच्या कारखान्याला काम सुरू करण्याच्या किमान 90 दिवस आधी सुरक्षा अहवाल द्यावा लागतो, त्या कामाशी संबंध नसलेल्या तज्ज्ञाकडून सुरक्षा ऑडिट करून दरवर्षी ते अद्ययावत करावं लागतं आणि दर सहा महिन्यांनी आपत्कालीन योजनेची रंगीत तालीम घ्यावी लागते. क्लोरीनचं उदाहरण घ्या. 10 टनांना काही नियम लागू होतात, 25 टनांना सुरक्षा अहवालाचाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता अमलात आली आहे. म्हणून कंत्राटात नुसतं ‘कारखाने अधिनियम 1948 नुसार’ असं न लिहिता ‘लागू असलेला कायदा आणि त्याच्या जागी येणारा कायदा’ असं लिहा. काम दोन वर्षं चालतं. मधे नियम बदलला तर तो कोणी पाळायचा, यावर वाद नको.

कायदा काय सांगतो आणि कंत्राट काय मागतं यात एक फरक आहे. कायदा भोगवटादाराला, म्हणजे कारखान्यावर अंतिम ताबा असलेल्या ऑक्युपायरला धरतो. ते काम कोणाकडून, कधी आणि किती खोलात करून घ्यायचं, हे कंत्राटात ठरतं. (अपघातानंतरच्या जबाबदारीसाठी प्रश्न 12 पाहा.)

4. आमचं युनिट लहान आहे, दोन रिअॅक्टर आणि एक ड्रायर. आम्हाला हे लागू होतं का?

साठा नियमातल्या मर्यादेच्या खाली असेल तर सुरक्षा अहवालाची अट कदाचित लागू होणार नाही. धोका मात्र साठ्यावर अवलंबून नसतो. दोन हजार लिटरच्या एका रिअॅक्टरमधली उष्णता बाहेर काढता आली नाही तर शेड उडते. डोंबिवली एमआयडीसीत मे 2016 मध्ये आणि पुन्हा मे 2024 मध्ये झालेल्या स्फोटांत कुंपणाबाहेरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. लहान प्लॉट आणि शेजारी घरं, ही आपल्याकडच्या बऱ्याच औद्योगिक वसाहतींची स्थिती आहे.

दोन रिअॅक्टरचा हॅझॉप दोन-तीन दिवसांत होतो. वर्क ऑर्डरमध्ये कलमासाठी अर्धं पान पुरतं.

5. कलमात नेमकं काय लिहायचं? एखादा नमुना द्या.

सगळ्यात जास्त वेळा दिसणारं कलम असं असतं: ‘कंत्राटदाराने आवश्यक ते सर्व सुरक्षा अभ्यास करून द्यावेत.’ याचा उपयोग शून्य. ‘आवश्यक’ कोण ठरवणार? ‘करून देणे’ म्हणजे अहवाल देणे, की शिफारशी पुऱ्या करणे?

मी साधारण असं सुचवतो:

‘कंत्राटदाराने या प्लँटचा हॅझॉप आयईसी 61882 प्रमाणे, मालकाने लेखी मान्य केलेल्या अध्यक्षाच्या देखरेखीखाली, हॅझॉपसाठी प्रसृत केलेल्या पी अँड आयडीवर करावा. सुरू करणे, नेहमीचे चालवणे, बंद करणे, आपत्कालीन बंद आणि सफाई या पाचही स्थिती तपासाव्यात. प्रत्येक शिफारशीपुढे जबाबदार व्यक्ती, मुदत आणि बंद केल्याचा पुरावा लिहावा. कोणतीही ‘अ’ वर्गाची शिफारस उघडी असताना प्लँटमध्ये घातक रसायन भरू नये.’

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. ‘कमिशनिंगपूर्वी’ (प्लँट सुरू करण्यापूर्वी) लिहिलं की लोक कमिशनिंगची तारीखच हलवतात किंवा तिला ‘ट्रायल’ म्हणतात. ‘रसायन भरू नये’ म्हटलं की टँकर गेटवर आल्यावर सिक्युरिटीवाल्यालासुद्धा कळतं. ‘अ’ वर्ग म्हणजे काय, हे कंत्राटाच्या परिशिष्टात जोखमीच्या तक्त्यासह द्या. तो तक्ता मालकाचा असावा. कंत्राटदारानं स्वतःचा तक्ता आणला की ‘मध्यम’ हा शब्द फार सोयीचा होतो.

पाच स्थिती मुद्दाम लिहिल्या आहेत. बॅच प्लँटमधला धोका नेहमीच्या चालण्यापेक्षा सुरू करताना, मधेच थांबताना आणि सफाईच्या वेळी जास्त असतो. अहवालात मात्र बऱ्याचदा नेहमीचं चालणंच तपासलेलं असतं.

6. अभ्यास कधी करायचा? डिझाइन पूर्ण झाल्यावर की आधी?

आराखडा इतका पक्का हवा की चर्चा करता येईल, आणि इतका कच्चा की बदलता येईल. व्यवहारात पी अँड आयडी हॅझॉपसाठी प्रसृत झाल्यावर, पण मोठ्या यंत्रांच्या ऑर्डर जाण्याआधी. रिअॅक्टर ऑर्डर झाला, नोझल ठरले, आणि मग हॅझॉपनं मोठी व्हेंट लाइन मागितली, की भांड्याला नवीन नोझल पाडायचं म्हणजे काय होतं ते फॅब्रिकेटरला विचारा. ग्लास लाइन्ड रिअॅक्टरला तर ते शक्यच नसतं.

म्हणून कंत्राटात एक होल्ड पॉइंट ठेवा: हॅझॉपच्या शिफारशी आराखड्यात घेतल्याशिवाय मुख्य भांड्यांची ऑर्डर नाही. ‘लांब डिलिव्हरीच्या वस्तू आधी मागवल्या’ असा अपवाद करायचा असेल तर त्या नोडचा हॅझॉप आधी घ्या, वेगळ्या तारखेला.

7. हॅझॉपचा अध्यक्ष कोणाचा? कंत्राटदाराचाच माणूस चालेल का?

पैसे कंत्राटदारानं दिले तरी चालेल, नाव मालकानं मान्य केलेलं असावं, आणि अध्यक्षानं त्या डिझाइनवर काम केलेलं नसावं. एवढ्या तीन अटी पुरतात. लिहून घेणारा माणूस वेगळा ठेवा. अध्यक्षच लॅपटॉपवर टाइप करत बसला तर बैठकीतलं निम्मं निसटतं.

8. बैठकीला ऑपरेटरनं यायलाच हवं का? आणि बैठक मराठीत चालेल का?

दोन्हीला हो, आणि दोन्ही कंत्राटात लिहा.

खेडजवळच्या एका कारखान्यातल्या विस्ताराच्या कामात आम्ही डोझिंग टाकीच्या (जिच्यातून रिअॅक्टरमध्ये थोडं थोडं रसायन सोडतात तिच्या) नोडवर होतो. प्रश्न होता ‘उलटा प्रवाह’. कागदावर दोन व्हॉल्व्ह आणि एक नॉन-रिटर्न, म्हणजे उलटा प्रवाह अडवणारा व्हॉल्व्ह. सगळ्यांनी मान डोलावली, पुढे जायच्या बेतात होतो. कोपऱ्यात बसलेल्या शिफ्टच्या माणसाला मी विचारलं, “दादा, हे असंच चालवता ना?” तो जरा थांबून म्हणाला, “साहेब, तो खालचा व्हॉल्व्ह आम्ही पूर्ण बंद करत नाही. बंद केला की उघडत नाही, पान्यानं मारावं लागतं. म्हणून अर्धाच ठेवतो.” जुन्या प्लँटचाच व्हॉल्व्ह नव्या प्लँटमध्ये तसाच घेतला होता. त्या एका वाक्यामुळे व्हॉल्व्हचा प्रकार बदलला आणि नॉन-रिटर्नवरचा भरवसा काढून टाकला.

तोच प्रश्न मी इंग्रजीत विचारला असता तर तो बोलला नसता. वर्कशीट इंग्रजीत लिहा, चर्चा ज्या भाषेत प्लँट चालतो त्या भाषेत करा. कलमात लिहा: ‘मालकाने प्रत्यक्ष चालवणारा किमान एक अनुभवी ऑपरेटर पूर्ण वेळ उपलब्ध करून द्यावा.’ ही जबाबदारी मालकाची आहे, आणि बरेच मालक ती टाळतात. शिफ्टला माणूस कमी पडतो म्हणून अर्ध्या तासात त्याला परत बोलावून घेतात.

9. शिफारशींचा खर्च कोण करणार? यावरच आमचं काम अडलं आहे.

हा प्रश्न मला सर्वांत जास्त येतो, आणि तो बहुतेक कंत्राटांत सोडलेला असतो.

तीन भाग करा. पहिला, मूळ डिझाइनमध्ये जे असायलाच हवं होतं: कोड, मानक, कायदा किंवा कंत्राटाच्या तांत्रिक अटीत असलेलं. ते राहिलं असेल तर खर्च कंत्राटदाराचा, एक रुपयाही वाढीव नाही. दुसरा, मालकानं दिलेल्या माहितीत चूक असेल किंवा मालकानं नंतर क्षमता वाढवून मागितली असेल: खर्च मालकाचा, बदलाच्या कलमाप्रमाणे. तिसरा भाग भांडणाचा. कोणाची चूक नाही, कोडमध्ये सक्ती नाही, पण टीमनं एकत्र बसून ‘हे हवंच’ म्हटलं. त्यासाठी कंत्राटाच्या किमतीतच एक राखीव रक्कम ठेवा आणि ती फक्त हॅझॉपच्या शिफारशींसाठी, मालकाच्या मंजुरीनं खर्च होईल असं लिहा. दर आधीच ठरवा: ट्रान्समीटर, ट्रिप व्हॉल्व्ह आणि केबल यांचे युनिट दर परिशिष्टात.

हे न ठरवल्यामुळे काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे. एका ठिकाणी आम्ही स्वतंत्र हाय टेंपरेचर ट्रिप सुचवला होता. तापमान वाढलं की डोझिंग आपोआप बंद व्हावं म्हणून. कंत्राटदार म्हणाला, हे स्कोपच्या बाहेर. मालक म्हणाला, हे डिझाइनमध्येच हवं होतं. पत्रव्यवहार पाच आठवडे चालला आणि बॅच मात्र ‘तात्पुरत्या’ सुरू झाल्या, ऑपरेटरनं तापमानाकडे लक्ष ठेवायचं या अटीवर. एका रात्री वीज गेली, कूलिंग टॉवरचा पंप थांबला. डोझिंग गुरुत्वाकर्षणानं होतं, ते चालूच राहिलं. ऑपरेटर जनरेटरकडे धावला होता. रप्चर डिस्क (दाब फार वाढला की फुटणारी संरक्षक चकती) फुटली आणि सगळा माल छपरावर गेला. शेडमध्ये त्या क्षणी कोणी नव्हतं, म्हणून कोणाला काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी दोघेही ट्रिपचा खर्च करायला तयार होते. अहवालात मी ती शिफारस लिहिली होती, पण रसायन भरण्यावर बंदी घालणारं वाक्य (प्रश्न 5) त्या कंत्राटात नव्हतं, आणि त्याचा आग्रह मी तेव्हा धरला नाही. आता धरतो.

10. प्रत्येक शिफारस मान्य करावीच लागते का?

नाही. टीमचंही चुकतं, आणि कधी कधी त्याच धोक्यावर दुसरा चांगला उपाय असतो. पण नाकारायची रीत कंत्राटात लिहा: लेखी कारण, पर्यायी उपाय, अध्यक्षाचं मत, आणि मालकाकडून प्रोजेक्ट मॅनेजरच्या वरच्या माणसाची सही. प्रोजेक्ट मॅनेजरवर तारखेचा आणि बजेटचा दाब असतो, त्याच्या एकट्याच्या सहीवर शिफारस बंद होऊ देऊ नका. ‘खर्च जास्त’ हे एवढंच कारण पुरेसं नाही. खर्च किती, त्यानं जोखीम किती कमी होते आणि स्वस्त पर्याय का चालत नाही, हे लिहिलेलं असावं.

11. पेमेंट कशाला बांधायचं?

‘अहवाल सादर केल्यावर 100 टक्के’ असं लिहू नका. मग अहवाल वेळेत येतो, जाड असतो, आणि कपाटात जातो. मी सुचवतो ती विभागणी: अंतिम अहवालाला निम्मं, शिफारशी पुराव्यासह बंद झाल्यावर तीस टक्के, आणि प्रत्यक्ष बसवलेल्याशी जुळणारे आराखडे हाती आल्यावर उरलेले वीस. पुरावा म्हणजे फोटो, टेस्ट रिपोर्ट, सुधारलेला पी अँड आयडी. ‘पूर्ण केले’ एवढा शेरा पुरावा होत नाही.

उशिरासाठी दंड ठेवायचा असेल तर ठेवा, पण आकडा पटण्यासारखा असू द्या. भारतीय करार अधिनियमाच्या कलम 74 प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. मिळते ती वाजवी भरपाई. माझं मत विचाराल तर अभ्यासाच्या उशिराला दंड लावू नये. घाईत उरकलेला हॅझॉप हा न केलेल्या हॅझॉपपेक्षा घातक, कारण त्यावर लोक विश्वास ठेवतात. शिफारशी बंद करायला झालेल्या उशिराला दंड लावा.

12. हॅझॉप कंत्राटदारानं केला. मग अपघात झाला तर जबाबदारी त्याची ना?

तुमच्या दोघांमधल्या हिशेबात कदाचित त्याची. बाहेरच्या जगासाठी तुमचीच. दिल्लीतल्या ओलियम गळतीच्या प्रकरणात, एम. सी. मेहता खटल्यात, सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 1986 मध्ये सांगितलं की धोकादायक उद्योग चालवणाऱ्याची जबाबदारी संपूर्ण असते, तिला अपवाद नाहीत. 1991 चा सार्वजनिक दायित्व विमा कायदाही चूक कोणाची हे न विचारता मालकाला बांधतो. आणि कंपनीच्या कारखान्याचा ऑक्युपायर संचालकच असू शकतो, खालच्या मॅनेजरचं नाव पुढे करता येत नाही, हे 1996 च्या जे. के. इंडस्ट्रीज निकालानं स्पष्ट केलं.

कंत्राटात नुकसानभरपाईचं कलम जरूर ठेवा, त्यातून पैसे वसूल होतील. खटला तुमच्यावरच उभा राहील. कंत्राटदारांनी मात्र इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. डिझाइन करणाऱ्यावर आणि पुरवठादारावर कायद्यानं स्वतंत्र कर्तव्य आहे. ‘मालकानं मंजूर केलं’ हे त्यावरचं पूर्ण उत्तर नाही.

13. आम्ही जॉब वर्क करतो. माल देणारी कंपनी रसायनाचं नावच सांगत नाही, ‘इंटरमीडिएट 3’ एवढंच. हॅझॉप कसा करायचा?

करता येत नाही, आणि असा हॅझॉप कोणी करून दिला तर त्यावर विसंबू नका.

नाव लपवायचा त्यांना अधिकार असेल, धोका लपवायचा नाही. गुपित राखूनही देता येईल अशी माहिती बरीच आहे: अभिक्रियेतून किती उष्णता निघते, थंड करणं पूर्ण थांबलं तर तापमान जास्तीत जास्त किती वाढेल, कोणत्या तापमानाला माल विघटित व्हायला लागतो, पाणी लागलं तर काय होतं, कोणता वायू निघतो, विषारीपणा किती. हे आकडे रिअॅक्शन कॅलरीमेट्रीच्या चाचणीतून मिळतात. चाचणी कोणी करायची आणि कोणाच्या खर्चानं, हे जॉब वर्कच्या करारात लिहा. माझा आग्रह असतो की ती माल देणाऱ्यानं करावी, प्रक्रिया त्याची आहे.

पुढची ओळही घाला: ‘ही माहिती मिळेपर्यंत बॅच घेण्यास युनिट बांधील नाही, आणि त्यामुळे झालेला उशीर युनिटचा धरला जाणार नाही.’ काम जाईल या भीतीनं बरेच छोटे मालक ही ओळ मागत नाहीत. मी त्यांची अडचण समजू शकतो. पण रात्रपाळीला त्या रिअॅक्टरपाशी जो उभा असतो त्याला आपण काय हाताळतो हे माहीत असलंच पाहिजे. धोकादायक प्रक्रियेत कामगाराला धोक्याची माहिती मिळण्याचा हक्क 1987 च्या दुरुस्तीपासून आहे.

14. थर्मिक फ्लुइड हीटर, चिलर, नायट्रोजन प्लँट हे तयार स्किडवर, म्हणजे एका सांगाड्यावर जोडूनच येतात. त्यांचाही हॅझॉप करायचा का?

स्किडच्या आतला पुरवठादारानं केलेला चालतो, अहवाल मागून घ्या. जिथे स्किड तुमच्या प्लँटला जोडला जातो, ते जोड तुम्ही तपासायचे. हीटरचा ट्रिप तुमच्या कंट्रोल रूमपर्यंत येतो का? नायट्रोजन गेला तर तुमच्या टाकीचं काय? पुरवठादाराची पीओ (खरेदीची ऑर्डर) पर्चेस विभाग वेगळी काढतो, त्यामुळे हे जोड कोणाच्याच स्कोपमध्ये येत नाहीत. पीओमध्ये एक दिवस बैठकीला इंजिनिअर पाठवण्याची अट घाला.

15. हॅझॉप झाल्यावर साइटवर छोटे बदल होतात. प्रत्येकासाठी पुन्हा बैठक?

प्रत्येकासाठी पूर्ण बैठक नको, पण प्रत्येकाची तपासणी हवी. बदल व्यवस्थापनाचं कलम नसेल तर हॅझॉपचा अहवाल आणि उभा प्लँट या दोन वेगळ्या गोष्टी होतात.

इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरोचं उदाहरण मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगतो. सहा रिअॅक्टरच्या रांगेतला पाचवा तडकला, म्हणून तो काढला आणि चौथा-सहावा जोडणारा 20 इंची तात्पुरता पाइप बसवला. दोन्ही टोकांना 28 इंची बेलोज, म्हणजे लवचीक जोड होते. त्या जोडणीचं एकमेव चित्र वर्कशॉपच्या फरशीवर खडूनं काढलेलं होतं. 1 जून 1974 ला तो पाइप निसटला, सायक्लोहेक्झेनचा ढग पेटला, 28 माणसं गेली. शनिवार होता म्हणून ऑफिसं रिकामी होती.

कलमात ‘बदल’ या शब्दाची व्याख्या द्या. जसाच्या तसा भाग बदलणं म्हणजे बदल नाही. साहित्य, आकार, सेट पॉइंट, क्रम, रसायन किंवा ‘तात्पुरती’ जोडणी यातलं काहीही बदललं तर तो बदल. तात्पुरत्याला शेवटची तारीख हवीच.

16. चालू प्लँटमध्ये देखभालीचं वार्षिक कंत्राट आहे. तिथेही असं कलम लागतं?

हॅझॉपचं नाही, कामाच्या आधीच्या जोखीम तपासणीचं आणि परमिटचं, म्हणजे काम सुरू करण्याच्या लेखी परवानगीचं. 6 जुलै 1988 ला उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा तेलमंचावर 167 जण मेले. एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढलेला होता, रात्रपाळीला ते ठाऊक नव्हतं, कारण परमिट वेगळीकडे ठेवले होते. त्यांनी तो पंप सुरू केला. नंतरच्या चौकशी अहवालात 106 शिफारशी होत्या.

देखभालीच्या कंत्राटात लिहा: कामाची तपासणी काम करणाऱ्या टोळीसमोर, कामाच्या जागी, त्यांच्या भाषेत. शिफ्ट बदलताना उघडे परमिट हातोहात. ऑफिसात भरलेला हिरा फॉर्म आणि खाली एकाच पेनानं केलेल्या दहा सह्या, हे मी अनेकदा पाहिलं आहे. असा कागद दिसला की काम थांबवण्याचा अधिकार मालकाच्या सुपरवायझरला कंत्राटानंच द्या, आणि थांबवल्याबद्दल कंत्राटदार नुकसान मागणार नाही हेही लिहा.

17. आमच्या दुसऱ्या प्लँटचा हॅझॉप आहे, प्रक्रिया तीच. तोच वापरला तर?

सुरुवातीचा आधार म्हणून वापरा, बदली म्हणून नाही. पाण्याचा दाब, विजेची स्थिती, भोवतालची वस्ती, माणसांचा अनुभव सगळं वेगळं असतं. जुन्या अहवालातली प्रत्येक ओळ नव्या आराखड्यावर वाचून, फरक लिहून टीमनं सही करावी. चालू प्लँटचा हॅझॉप किती वर्षांनी पुन्हा करायचा, तेही करारात घाला. अमेरिकेतल्या प्रक्रिया सुरक्षा नियमात ही मुदत पाच वर्षं आहे आणि आपल्याकडेही बऱ्याच मोठ्या कंपन्या तीच पाळतात.

18. कंत्राटदार मधेच काम सोडून गेला. हॅझॉप अर्धा झाला होता. आता?

झालेल्या नोडची वर्कशीट तुमच्याकडे आहे का, हे आधी पाहा. बऱ्याचदा नसते. ती कंत्राटदाराच्या सॉफ्टवेअरमध्ये असते आणि तुमच्या हाती फक्त मसुद्याची पीडीएफ. म्हणून नवीन कंत्राट करताना लिहा की रोज संध्याकाळी त्या दिवसाची वर्कशीट, खुणा केलेला पी अँड आयडी आणि हजेरीपट मालकाला मिळेल, आणि मूळ फाइल मालकाची असेल.

आता हाती जे आहे त्यावर नव्या अध्यक्षाला बसवा. झालेले नोड तो पुन्हा पूर्ण करणार नाही, पण प्रत्येक ‘अ’ वर्गाची शिफारस आणि नोडच्या सीमा त्यानं तपासल्या पाहिजेत, कारण अर्धवट कामात सीमेवरचे प्रश्न ‘पुढच्या नोडमध्ये पाहू’ म्हणून सोडलेले असतात. जुन्या कंत्राटदाराची बँक गॅरंटी परत करण्याआधी उरलेल्या अभ्यासाचा खर्च काढून घ्या. आणि सगळे नोड होईपर्यंत, यंत्रं तयार असली तरी, रसायन भरू नका. पाण्यानं चाचणी घ्या, गळती शोधा, ऑपरेटरना सराव द्या.